आयसीयूतली सलाईन: बाहेर बाकावर बसलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या आयसीयूबाहेर संध्याकाळी जाऊन बघा. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, अथणी, सौंदत्ती, सगळ्या तालुक्यांतली माणसं चटई अंथरून बसलेली असतात. चंदगड-गडहिंग्लजकडचीही असतात. कुणी कन्नडात बोलतं, कुणी मराठीत, आणि दोन दिवसांत एकमेकांच्या पेशंटची शुगर किती हे दोघांनाही पाठ झालेलं असतं. भेटीच्या वेळेत मला सगळ्यात जास्त विचारतात ते सलाईनबद्दल. व्हेंटिलेटरचं नाव काढायला लोक घाबरतात, सलाईन मात्र घरातली वाटते. मी आयसीयूत डॉक्टर आहे. हे प्रश्न ज्या शब्दांत येतात साधारण तसेच इथे उतरवलेत. तुमच्या पेशंटला किती द्यायची हे त्याचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना काय विचारायचं ते यातून कळेल.

सलाईन लावली की ताकद येते ना?

नाही. साधी सलाईन म्हणजे मीठपाणी. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, बस्स. ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एका बाटलीतून जवळजवळ दिवसाचं मीठ शिरेत गेलं. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. उष्मांक शंभराच्या आसपास, एका ज्वारीच्या भाकरीइतकेही नाहीत.

तापातून उठलेल्याला एक बाटली चढवल्यावर तरतरी येते हे खरं, पण तो आधी कोरडा पडलेला असतो म्हणून. तांब्याभर पाण्यात मीठ-साखर घालून पाजली असती तरी तो तसाच उठून बसला असता. आणि गावाकडे पिवळी बाटली जास्त 'पावरची' समजतात, तर तो पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा असतो.

सलाईनचा जन्म कॉलऱ्याच्या साथीत झाला. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये लीथ इथे थॉमस लाट्टा या डॉक्टरांनी जुलाबांनी निपचित पडलेल्या एका म्हातारीच्या शिरेत मीठपाणी सोडलं. डोळे खोल गेलेली, नाडी लागत नसलेली बाई शुद्धीवर आली. आता हिला धोका नाही म्हणून लाट्टा निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती गेली. पहिल्याच पेशंटने दोन्ही गोष्टी दाखवल्या: हे पाणी मेलेल्याला उठवल्यासारखं काम करतं, आणि देऊन पाठ फिरवली की घात करतं.

मग आत नेल्या नेल्या सगळ्यांना का लावता?

कामं वेगवेगळी असतात. कुणाचं बीपी पडलंय, त्याला भराभर पाणी देऊन रक्ताभिसरण सावरायचं असतं. कुणाच्या उलट्या, जुलाब, जखमेतून जे गेलं ते भरून काढायचं असतं. कुणी तोंडाने काही घेऊ शकत नाही, त्याला रोजचं लागेल तेवढं द्यायचं. आणि पुष्कळदा सलाईन फक्त औषध वाहून नेणारी गाडी असते.

या शेवटच्या कामाकडे डॉक्टरांचंही दुर्लक्ष होतं. तीन अँटिबायोटिक्स दिवसातून चार वेळा शंभर-शंभर मिलीत मिसळून दिली की 'सलाईन बंद' लिहिलेल्या पेशंटच्या अंगातही बाराशे मिली जातंच.

एनएस, आरएल, डीएनएस, डी-फाइव्ह. यातली चांगली कुठली?

एनएस म्हणजे वरची साधी सलाईन. नाव 'नॉर्मल' असलं तरी ती रक्तासारखी नाही. तिच्यात लिटरमागे सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४ मिलिमोल (क्षार मोजायचं एकक). आपल्या रक्तात क्लोराइड शंभरच्या आसपास असतं. दोन बाटल्यांनी काही बिघडत नाही, पण पाच-सहा लिटर गेली की क्लोराइड साचून रक्त आंबट होऊ लागतं आणि किडनीवर ताण येतो.

आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरांनी १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय धडधडत ठेवण्यासाठी क्षारांचं जे मिश्रण शोधलं त्यावरून हे नाव आलं. अमेरिकेतल्या हार्टमन यांनी पुढे त्यात लॅक्टेट घातलं. यात सोडियम १३० च्या आसपास, क्लोराइड ११० च्या आसपास, थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम. रक्ताच्या जास्त जवळचं.

दोन्हींची गाठ लावून मोठ्या चाचण्या झाल्या. २०१८ साली अमेरिकेतल्या पंधरा हजारांहून जास्त पेशंटच्या चाचणीत आरएलसारख्या द्रवांनी किडनीचा त्रास किंचित कमी झाला. नंतर २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या चाचण्यांत मृत्यूच्या आकड्यात ठळक फरक दिसला नाही. माझा कल असा: बरीच लिटर द्यावी लागणार असतील तर आरएल. डोक्याला मार लागला असेल किंवा उलट्यांनी बेजार झाला असेल तर एनएस.

डी-फाइव्ह, म्हणजे पाच टक्के ग्लुकोज, बीपीसाठी कुचकामी आहे. साखर जळून जाते आणि मागे नुसतं पाणी उरतं, ते पेशींत शिरतं. मेंदूला सूज असलेल्याला ते देऊच नये. डीएनएस म्हणजे एनएसमध्येच साखर घातलेली, पण शुगर आधीच चारशे असेल तर ती कशासाठी?

रक्तातलं लॅक्टेट वाढलंय म्हणता आणि लॅक्टेटचीच बाटली लावता?

मोबाइलवर वाचून आलेल्या पोरांचा हा आवडता प्रश्न, आणि प्रश्न चांगला आहे. लॅक्टेट म्हणजे पेशी साखर वापरताना तयार होणारा पदार्थ. रक्तात ते वाढलं म्हणजे पेशींना प्राणवायू पुरत नाही किंवा शरीरावर फार ताण आहे याची ती खूण. बाटलीतलं लॅक्टेट यकृत वापरून टाकतं आणि त्यातून आम्लपणा कमी करणारा क्षार तयार होतो. यकृतच पार निकामी झालं असेल तर आम्ही हात आखडता घेतो.

पहिल्या रात्री धडाधड बाटल्या चढवल्या आणि तिसऱ्या दिवशी बंद. असं का?

हे समजलं की बाकीचं सगळं समजेल, म्हणून जरा थांबून सांगते.

शेतकऱ्याला मी वाफशाचं उदाहरण देते. उसाला पाणी पाजल्यावर तुम्ही रानात लगेच पाय घालत नाही, वाफसा येईपर्यंत थांबता. रान वाळलं तर पीक कोमेजतं आणि पाणी तुंबलं तर मुळं गुदमरतात. कृष्णाकाठी अथणी-चिकोडीकडे पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं तुम्ही बघितलीत. तिथे पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आता खर्च करावा लागतो. शरीराचंही तसंच. मुळं म्हणजे फुफ्फुस, किडनी, आतडी. सगळ्यांना पाणी लागतं आणि सगळी पाण्याने गुदमरतात.

गंभीर आजाराचे साधारण चार टप्पे असतात. पहिल्या काही तासांत जीव वाचवायचा, तेव्हा पाणी भराभर. मग थोडं थोडं, दर वेळी तपासून. त्यानंतर एक-दोन दिवस गेलं तेवढंच द्यायचं, वरचं नाही. शेवटी साचलेलं काढायचं, लघवीच्या औषधाने नाहीतर डायलिसिसने. चौथ्या टप्प्यात पेशंटच्या अंगावर बाटली दिसत नाही आणि नेमक्या त्याच दिवशी बाहेर कुजबुज सुरू होते, "आता काही करायला नाहीत बगा." त्या दिवशी आम्ही सगळ्यात जास्त करत असतो.

म्हणजे नेमक्या किती बाटल्या?

जंतुसंसर्गाने बीपी पडलेल्या मोठ्या माणसासाठी २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात: पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे किमान ३० मिली. साठ किलोच्या माणसाला १८०० मिली, म्हणजे साडेतीन बाटल्यांच्या वर थोडं. ही शिफारस 'सक्तीची' नाही, तिचा पुरावा कच्चा आहे असं त्या सूचनाच सांगतात. हृदय कमजोर असलेली चाळीस किलोची आजी आणि ऊस तोडणारा पंचवीस वर्षांचा गडी यांना एकाच मापाने पाणी देता येत नाही.

त्यानंतर किती, यावर युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२३ साली दीड-दीड हजार पेशंटच्या चाचण्या झाल्या. एका गटाला हात राखून पाणी, दुसऱ्याला नेहमीसारखं सढळ. मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. जास्त बाटल्या चढवल्याने जास्त माणसं वाचतात हा समज तिथे टिकला नाही.

लहान मुलांबाबत तर त्याहून धक्कादायक. युगांडा, केनिया, टांझानियात ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३१४१ मुलांवर चाचणी झाली, २०११ साली निकाल आला. भराभर पाणी दिलेल्या मुलांत ४८ तासांत शंभरात साधारण १०-११ दगावली, भराभर न दिलेल्यांत सातच्या थोडी वर. तिथे आयसीयूच्या सोयी नव्हत्या आणि पुष्कळ मुलांना मलेरिया होता, त्यामुळे तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. पण तो वाचल्यापासून तापाने फणफणलेल्या पोराला बाटली लावताना माझा हात आधी हिशोब करतो.

पाणी हवंय की नको, हे ठरवता कसं?

एका यंत्राने कळलं असतं तर बरं झालं असतं.

बीपी पडलेल्या निम्म्याच पेशंटना पाण्याचा उपयोग होतो. कुठले निम्मे, हे शोधायला एक साधी युक्ती आहे. डोकं वर असलेल्या पेशंटला पलंगासकट आडवं करायचं आणि पाय वर उचलायचे. पायातलं ३०० मिलीच्या आसपास रक्त हृदयाकडे जातं, म्हणजे बाटली न लावताच बाटली दिल्यासारखं. मिनिटभरात हृदयाचा जोर वाढला तर पाणी द्यावं. नाही वाढला तर पाय खाली, आणि शरीरात एक थेंबही जास्त गेला नाही. भेटीच्या वेळी पेशंटचे पाय वर केलेले दिसले आणि "आमच्या आईला उलटी का टांगलीय?" असं वाटलं, तर ती परीक्षा चालू आहे असं समजा.

दुसरी परीक्षा तुम्ही आत्ता स्वतःवर करू शकता. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरा, पांढरं होईल. सोडा आणि मोजा. एक, दोन म्हणेपर्यंत गुलाबी झालं पाहिजे. आत, रात्री तीन वाजता, मी पेशंटचं बोट असंच दाबते आणि घड्याळातल्या सेकंदाच्या काट्याकडे बघते. तीन सेकंदांच्या पुढे गेलं की रक्त टोकापर्यंत पोचत नाही. मग लघवी बघायची: किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाची तासाला ३० मिली तरी यावी. लॅक्टेट पुन्हा तपासायचं. सोनोग्राफीचा दांडा छातीवर फिरवला की फुफ्फुस ओलं झालंय का तेही दिसतं.

यातली एकच खूण धरून चालत नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. शिकत होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीत न्यूमोनियाची एक बाई होती, ऊसतोडीच्या टोळीतली. लघवी कमी म्हणून मी अर्धा लिटर दिलं. तरी कमी, म्हणून आणखी अर्धा. पहाटेपर्यंत पावणेचार लिटर गेलं, लघवी होती तेवढीच, आणि पाचच्या सुमारास त्यांना श्वास लागला. लघवी पाण्याअभावी कमी नव्हती, जंतुसंसर्गाने किडनीच मंदावली होती. सकाळी सर आले. ओरडले नाहीत. माझाच चार्ट माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बेरीज करून सांग." चार दिवस त्या बाई व्हेंटिलेटरवर होत्या. वाचल्या, म्हणून मी हे लिहू शकते.

अंगावर एवढी सूज कशी आली? चेहरा ओळखू येईना.

जंतुसंसर्गात रक्तवाहिन्यांना जणू बारीक भोकं पडतात. एरवीसुद्धा शिरेत दिलेल्या सलाईनपैकी थोड्या वेळाने पाव हिस्साच शिरेत उरतो, बाकीचं मांसात झिरपतं. आजारात त्याहून जास्त झिरपतं. डोळ्यांवर, हातांवर, पाठीखाली दिसते ती सूज तुम्हाला दिसते. आतडी, किडनी आणि फुफ्फुसातली दिसत नाही, आणि आम्हाला काळजी तिची असते. बहुतेकांची ही सूज आजार उतरला की लघवीवाटे निघून जाते.

बीपी कमी आहे तरी बाटली वाढवत नाही. सुईतून थेंबथेंब काहीतरी सोडताय.

ते नॉरअॅड्रेनलिन. ढिल्या पडलेल्या रक्तवाहिन्या आवळणारं औषध. टाकी भरलेली असूनही नळाला पाणी येत नसेल तर आणखी टँकर मागवून काय होणार? सरासरी रक्तदाब ६५ च्या वर ठेवायचा असतो, तो पाण्याने भागत नसेल तर औषध लवकर सुरू करायचं. सिरिंज पंपात तासाला दोन-चार मिलीच जाताना दिसतं म्हणून ते किरकोळ समजू नका.

डेंगी आहे. प्लेटलेट्स वीस हजार. भरपूर सलाईन लावायला नको का?

पावसाळ्यात हा प्रश्न रोज येतो. डेंगीतला खरा धोका प्लेटलेट्सचा कमी आणि पाणी झिरपण्याचा जास्त. ताप उतरू लागतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी पोटात, छातीत झिरपतं. हे २४ ते ४८ तास चालतं. "ताप गेला, सोडा घरी" म्हणणारे नातेवाईक नेमके याच दिवशी भांडतात.

या तासांत आम्ही हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा तपासतो, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते. धोक्याची लक्षणं दिसली तर किलोमागे तासाला ५ ते ७ मिलीने सुरुवात, एक-दोन तासांनी कमी करून ३ ते ५, मग २ ते ३. रक्त घट्ट होतंय तर वाढवायचं, पातळ होतंय तर कमी करायचं. दोन दिवसांनी गळती थांबते आणि झिरपलेलं पाणी आपोआप शिरांत परत येतं. तेव्हाही बाटली चालूच ठेवली तर पेशंट स्वतःच्याच पाण्यात बुडतो. डेंगी संपता संपता दम लागलेले पेशंट बाहेरून आमच्याकडे येतात, त्यांच्या कागदावर बहुतेक वेळा हीच गोष्ट लिहिलेली असते.

प्लेटलेट्सच्या पिशव्या हा वेगळा विषय. रक्तस्राव नसेल तर फक्त आकडा बघून धावपळ करू नका.

साप चावलाय. सलाईनने विष धुऊन निघतं की!

निघत नाही. खानापूरच्या रानात घोणस चावलेला पेशंट आला की आम्ही त्याचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. नळी तिरकी केल्यावर रक्त ओघळलं तर विषाने रक्त गोठणं बंद केलंय. त्यावर औषध एकच, सापाच्या विषाची लस. सलाईन ती लस द्यायला आणि किडनीला रक्त मिळत राहायला लागते. घोणशीचं विष किडनी बंद पाडतं, आणि बंद किडनीवर बाटल्या ओतल्या तर पाणी जाणार कुठे?

फवारणीच्या औषधाचंही तेच. कीटकनाशकाने फुफ्फुसात आधीच चिकट पाणी साचलेलं असतं. तिथे अॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध लागतं, मोजून. बाटल्या वाढवून ते विष निघत नाही.

भाजलेल्याला मात्र खूप बाटल्या लागतात, खरं का?

खरं. काहिलीतला उकळता रस अंगावर सांडलेला पेशंट गुऱ्हाळाच्या हंगामात येतोच. ढोबळ हिशोब असा: वजन गुणिले भाजलेल्या अंगाची टक्केवारी गुणिले ४ मिली, आरएल. साठ किलो, तीस टक्के भाजलाय, तर ७२०० मिली २४ तासांत. त्यातलं निम्मं, ३६००, पहिल्या आठ तासांत. आठ तास मोजायचे ते भाजल्यापासून, दवाखान्यात आल्यापासून नव्हे. मुडलगीकडून यायला तीन तास गेले तर ते ३६०० उरलेल्या पाच तासांत द्यावे लागतात. म्हणून 'किती वाजता भाजलं' हे नक्की सांगा. एवढं पाणीही लघवी बघूनच कमीजास्त करतात.

शुगर वाढून बेशुद्ध झालेत. इन्सुलिनच्या आधी सलाईन का?

शुगर फार वाढली की लघवीवाटे कित्येक लिटर पाणी जातं. पहिल्या तासात साधारण लिटरभर एनएस, पोटॅशियम बघून इन्सुलिन, आणि शुगर अडीचशेच्या खाली येऊ लागली की साखरेची बाटली. शुगरच्या पेशंटला साखर लावली म्हणून सिस्टरवर चिडू नका. तेव्हा ती लागतेच.

आजोबांचं सोडियम ११० पर्यंत उतरलंय. मिठाची सलाईन वाढवा की लवकर!

लवकर वाढवली तर मेंदू कायमचा बिघडतो. सोडियम चोवीस तासांत ८ ते १० अंकांहून जास्त चढू द्यायचं नसतं. फिट येत असेल तर सुरुवातीला थोडं भरकन देतात, पुढे सबुरीच. हे पेशंट तीन-चार दिवस घेतात.

अल्ब्युमिनची महागडी बाटली आणायला सांगितली. आणू का?

अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. कशासाठी ते विचारा. लिव्हरचा पेशंट असेल आणि पोटातलं पाच लिटरच्या वर पाणी काढलं असेल तर तिचा पक्का उपयोग आहे. जंतुसंसर्गात भरपूर सलाईन देऊनही बीपी सावरत नसेल तर देतात. सरसकट मात्र नाही. २००४ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जवळजवळ सात हजार पेशंटना अल्ब्युमिन किंवा साधी सलाईन दिली, २८ दिवसांनी मृत्यू सारखेच. 'रक्तात अल्ब्युमिन कमी आलंय' एवढ्याच कारणासाठी दागिने गहाण ठेवायची गरज नाही. स्टार्चच्या, म्हणजे पिष्टापासून बनवलेल्या द्रवाच्या, बाटल्या पूर्वी जोरात चालत. २०१२ च्या चाचण्यांत त्यांनी किडनीचं नुकसान केलेलं दिसल्यावर आम्ही त्या सोडल्या.

बाटली हळू चाललीय. चाक थोडं फिरवलं तर?

हात लावू नका. नेहमीच्या नळीत वीस थेंबांचा एक मिली होतो. तासाला १०० मिली द्यायचे तर मिनिटाला ३३ थेंब, म्हणजे दोन सेकंदांना एकाहून थोडा जास्त. तुम्हाला ते हळू वाटणारच. त्या बाटलीत पोटॅशियम मिसळलेलं असेल आणि चाक पूर्ण उघडलं तर हृदय थांबू शकतं. बाटलीवर चिकटवलेली पांढरी पट्टी बघा, तिच्यावर काय मिसळलंय ते पेनाने लिहिलेलं असतं.

हात फुगला, सुईपाशी दुखतंय, लाल झालंय, तर मात्र लगेच सिस्टरना हाक मारा.

नळीत बुडबुडा दिसला. हवा गेली तर माणूस मरतो ना?

तांदळाएवढ्या बुडबुड्याने काही होत नाही. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं टोपण उघडं दिसलं तर मात्र ओरडून सांगा, तिथून बरीच हवा आत जाऊ शकते.

चिकोडीच्या दवाखान्यातून इकडे आणलं. तिथले कागद लागतील का?

इतर काही विसरलं तरी चालेल, तो कागद विसरू नका. आमचा पहिला प्रश्न असतो, "आतापर्यंत किती गेली?" आणि उत्तर येतं, "लावलेत की तीन-चार." तीन आणि चार यात अर्ध्या लिटरचा फरक आहे. कुठली बाटली, किती, किती वाजता, लघवी किती झाली, हे तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. कन्नडात लिहिलं तरी काही अडत नाही, आम्ही वाचतो. निपाणीहून कोल्हापूरला किंवा अथणीहून मिरजेला जात असाल तर मात्र औषधांची नावं इंग्रजीत लिहून मागा, तिथल्या रात्रपाळीत कन्नड वाचणारा मिळेलच असं नाही. कागद नसेल तर रिकाम्या बाटल्यांचे मोबाइलवर फोटो काढून आणा. गाडीत लावलेली बाटलीही मोजायची.

तसंच, मानेत नळी घालण्याच्या संमतीपत्रावरचा मजकूर वाचता येत नसेल तर सही करण्याआधी तो मराठीत सांगायला लावा. त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

रोज डॉक्टरांना काय विचारू?

"कालचा बॅलन्स किती?" एवढंच. पलंगाच्या पायथ्याशी मोठा चार्ट असतो. एका बाजूला आत गेलेलं सगळं, बाटल्या, औषधांचं पाणी, नाकातल्या नळीतून दिलेली पेज. दुसऱ्या बाजूला लघवी, नळ्यांतून आलेलं, जुलाब. सकाळी बेरीज-वजाबाकी होते. पहिल्या दिवशी दोन-तीन लिटर जमा असणं समजू शकतं. चौथ्या दिवशीही आकडा चढतच असेल तर 'का' असं विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने खूश होतो.

नळीतून शहाळ्याचं पाणी देऊ का? ताजं आणलंय.

विचारल्याशिवाय नको. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी मंद असेल तर ते साचतं. शिवाय तुम्ही गुपचूप घातलेलं दोनशे मिली चार्टवर येत नाही आणि सकाळची आमची बेरीज चुकते. ते शहाळं तुम्ही प्या. काल रात्रीपासून त्या बाकावर बसलाय, तुमच्या पोटात काही गेलेलं दिसत नाही.